जुलैची फिल्म, फेब्रुवारीचा खोकला

हे प्रकरण सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं. पदवी महाविद्यालय, त्याच आवारात नर्सिंग कॉलेज, मुलांचं एक आणि मुलींचं एक वसतिगृह. ओळख पटू नये म्हणून काही तपशील झाकले आहेत. संस्थेच्या आरोग्य समितीवर बाहेरचा डॉक्टर म्हणून मी बसतो, त्यामुळे प्रवेशाच्या एक्स-रेवरून गाजलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या फाइली हाताखालून गेल्या.

नव्या विद्यार्थ्याने छातीचा एक्स-रे काढून त्याचा रिपोर्ट प्रवेशअर्जाला जोडायचा, असा संस्थेचा नियम होता. त्यामागे जुनी घटना होती. नर्सिंगच्या एका मुलीला क्षयरोग निघाला, पालकांचे फोन सुरू झाले आणि विश्वस्तांच्या बैठकीत ‘आपण काहीतरी केलं पाहिजे’ यावर एकमत झालं. एक्स-रेचा फायदा असा, की तो दाखवता येतो. फाइलला रिपोर्ट लावला की संस्थेने काळजी घेतली हे सिद्ध. एका विश्वस्तांचा मुलगा जपानमध्ये नोकरीला आहे. तिकडे विद्यापीठात शिरणाऱ्या मुलांचा छातीचा एक्स-रे कायद्यानेच काढतात, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. फक्त तिथे फिल्म निघाल्यावर पुढचा रस्ता आखलेला असतो, आणि आमच्या चर्चेत नेमका तोच भाग आला नव्हता.

जुलैत प्रवेशांची झुंबड उडाली, तशी गावातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरने ‘ॲडमिशन पॅकेज’ काढलं: रक्तगट, हिमोग्लोबिन आणि छातीचा एक्स-रे. मुलं भिजत रांगेत उभी. बटण, साखळी, ताईत काढा, श्वास रोखा, झालं, पुढचा. गर्दीच्या दिवसांत तंत्रज्ञ संगणकाच्या पडद्याचा फोटो मोबाईलवर काढून रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना पाठवायचा आणि रात्री रिपोर्ट टाइप व्हायचे. बहुतेकांवर एकच ओळ: नॉर्मल स्टडी. विद्यार्थ्याच्या हातात कागद पडायचा, फिल्म नाही. कॉलेजच्या लिपिकाला रिपोर्ट ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच बघायचं होतं. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचायचं, हे नियमात नव्हतंच.

एका कागदावर मात्र तीन ओळी होत्या, म्हणून तो त्याने वाचला.

जतची मुलगी

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आलेली, जत तालुक्याच्या पूर्व भागातली मुलगी. रिपोर्ट असा: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली, कॉक्सची शक्यता, लक्षणांशी ताळा घ्यावा. कॉक्स म्हणजे टीबी, हे एव्हाना लिपिकालाही माहीत होतं. त्याने प्रवेश ठेवला, पण वसतिगृहाच्या अर्जावर ‘फिटनेस येईपर्यंत प्रलंबित’ असा शेरा मारला. कुणाचा फिटनेस, कुणी द्यायचा, किती दिवसांत, काही नाही.

मुलीला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन उतरलेलं नव्हतं. तिच्याबरोबर आलेल्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “लागण झालीया का न्हाई तेवढं सांगा डॉक्टर. गावात कळलं तर धाकटीचंबी जमायचं न्हाई.” त्यांच्या खिशात दुसऱ्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्यावर चार औषधं. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघू, दोन महिन्यांनी सावली गेली तर टीबीच होता म्हणायचं, असा तो सल्ला. आपल्याकडे हा प्रकार इतका रुळलाय की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं पहिले दोन महिने, त्यातली तीन पुढे चार महिने. त्यातल्या काहींचा यकृतावर ताण येतो, इथॅम्ब्युटॉल चालू असताना नजरेकडे लक्ष ठेवावं लागतं. खऱ्या रुग्णाला ही औषधं जीवदान देतात. ज्याला आजारच नाही त्याच्यावर ती ‘करून बघायची’ गोष्ट नव्हे.

फिल्म बघायची म्हणून आम्ही सेंटरवर गेलो. पडद्यावर सावली होती, पण ती फुफ्फुसाच्या हद्दीत थांबत नव्हती. गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेपर्यंत दोरखंडासारखी जात होती. मुलीचे केस लांब, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि ती पुढे उजव्या खांद्यावर घेतलेली. फुफ्फुसाच्या शेंड्यावर वेणीची सावली पडते, ही क्ष-किरण विभागात शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या वर्षी सांगितली जाणारी गोष्ट. मोबाईलवरच्या फोटोत वरची कड कापली गेली असेल, तर ती ओळखायला अनुभवी डोळाही कमी पडतो. केस वर बांधून पुन्हा फिल्म काढली. सावली गेली.

इथे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. वेणीच्या सावलीखाली एक बारीक, कडक पांढरा ठिपका होता. चुना साठलेला, जुना. विचारल्यावर कळलं की ती प्राथमिक शाळेत असताना आजोबांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला, बरे झाले. म्हणजे जंतू तिच्या शरीरात कधीतरी शिरला असावा आणि शरीराने त्याला तिथेच कोंडून टाकलं असावं. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीत पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांत अशी लागण आढळली होती. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच आजार होत नाही. पण एकदा ‘शक्यता’ हा शब्द कागदावर उमटला की तो पुसायला तपासणी लागते, आणि खोकलाच नसलेल्या माणसाची तपासणी भलतीच अवघड. बेडका द्या म्हटलं तर ती लाळच देणार. पहिला नमुना लाळ म्हणून परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन मिरजेच्या सिव्हिलमध्ये नमुना घेतला. सीबीनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी यंत्रावरची तपासणी, निगेटिव्ह. तरी जंतू फार थोडे असतील तर निगेटिव्ह येण्याची फट राहतेच, म्हणून औषध न देता तीन महिन्यांनी पुन्हा फिल्म काढायची, मध्ये ताप-खोकला आला तर लगेच यायचं, असं ठरलं. तीन महिन्यांनी ठिपका जसाच्या तसा होता. फाइल बंद झाली.

तोवर वसतिगृहातली खाट प्रतीक्षायादीतल्या मुलीला गेली होती. ही कुपवाडला नातेवाइकांकडे राहून ये-जा करू लागली, सकाळची प्रॅक्टिकल्स चुकवत. मामांना मी लिहून दिलं की टीबी नाही. ते म्हणाले, “नाही कशाला लिवता, मुळात आलंच कशाला हे?”

हिशेब

मामांचा प्रश्न समितीपुढे मांडायचा तर आकड्यांतच मांडावा लागणार होता. राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांत, जंतू सापडून पक्का झालेला फुफ्फुसाचा क्षय लाखात ३१६ जणांना आढळला. हजारात तीन. हे प्रमाण वय वाढेल तसं वाढतं, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांत ते याहून कमीच असणार. तरी तीन धरू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एक्स-रेची ताकद आकड्यांत दिली आहे. फिल्मवर काहीही वेगळं दिसलं तरी ‘संशयित’ धरायचं ठरवलं, तर एक्स-रे शंभरातले ९४ रुग्ण पकडतो, पण निरोगी माणसांतल्या ११ टक्क्यांवरही बोट ठेवतो. हजार विद्यार्थ्यांत ते झाले एकशेदहाच्या घरात. फक्त टीबीसारखंच दिसणारं धरलं, तर शंभरातले ८५ रुग्ण सापडतात आणि ४ टक्के निरोगी अडकतात. म्हणजे हजारात चाळीस जतच्या मुली, आणि त्यांच्याबरोबर अडीच-तीन खरे रुग्ण. त्या चाळीस जणांसाठी वाफेची, सीबीनॅटची, तीन महिन्यांनंतरच्या फिल्मची आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवण्याची व्यवस्था असेल तर एक्स-रे काढावा. आमच्याकडे त्याऐवजी लिपिक होता.

विश्वस्तांनी यावर एक रास्त मुद्दा काढला. त्याच राष्ट्रीय पाहणीत असंही दिसलं, की एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्याजोगं काही होतच नव्हतं. ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का’ हा प्रश्न एकटा विचारला तर शंभरात साधारण ४२ रुग्णच हाती लागतात. हे नाकारून चालणार नाही. नुसत्या प्रश्नांवर भागतं असं म्हणणारे डॉक्टर मला तितकेच खटकतात, जितके पॅकेज विकणारे. पण त्याच २०२१ च्या सूचनांनी सरसकट लोकसंख्येच्या तपासणीसाठी रेघ आखली आहे ती लाखात ५०० रुग्णांवर. आपली राष्ट्रीय सरासरी तिच्या खाली, विद्यार्थी आणखी खाली. रुग्णाच्या जवळच्या माणसांना, एचआयव्ही असलेल्यांना, तुरुंगातल्या कैद्यांना, दगडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना मात्र ही रेघ लागू नाही. त्यांची तपासणी करावीच.

किरणांची भीती काही पालकांनी बोलून दाखवली, ती मात्र अस्थानी होती. छातीच्या एका फिल्मचे किरण म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. माती, दगड, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. तीन दिवसांचा नैसर्गिक हप्ता एवढंच ते. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे ना, आणि मुलींना गरोदरपणाबद्दल खासगीत विचारलं जातं ना, एवढं बघितलं की पुरे.

बैठकीत कुणीतरी एआयचं नाव काढलंच. संगणकाने फिल्म वाचायला जागतिक आरोग्य संघटनेची पंधरा वर्षांवरच्यांसाठी संमती आहे, सरकारी मोहिमांत हातात धरायच्या एक्स-रे यंत्रांबरोबर तो वापरलाही जातो. वाचणारा थकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हजारात तीनच रुग्ण असतील तर संगणकही निरोगी मुलांवर बोट ठेवणारच. आणि पुढचा नमुना तो घेत नाही.

विट्याकडचा मुलगा

दुसरी फाइल त्याच जुलैची. खानापूर तालुक्यातला मुलगा, वडिलांचं परराज्यात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान. हा मुलांच्या वसतिगृहात. एक्स-रे रिपोर्ट: नॉर्मल स्टडी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो थकल्यासारखा दिसायला लागला, असं खोलीतली मुलं नंतर म्हणाली. जानेवारीत खोकला. रेक्टर सरांनी हटकलं, पण लगेच त्यांना आठवलं, “तुझा एक्स-रे नॉर्मल आहे ना?” कॉलेजजवळच्या डॉक्टरांनीही तोच रिपोर्ट मोबाईलवर बघितला, टीबी नाही असं धरलं आणि खोकल्याचं औषध दिलं. मग ॲझिथ्रोमायसिन. मग लेव्होफ्लॉक्सासिन, ज्याने आठवडाभर बरं वाटलं. ते बरं वाटणंच घातक होतं. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही चालतं, त्यामुळे आजार दबतो, निदान लांबतं, आणि एकट्याने दिलं तर जंतू त्याला सरावू शकतात. मुलगा स्वतः तर निश्चिंतच होता. सुट्टीत दुकानात ॲसिडच्या वाफा गेल्या असतील छातीत, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीत बेडक्यात रक्त दिसलं. मिरजेला नेलं. डाव्या फुफ्फुसात वर पोकळी झालेली, सीबीनॅट पॉझिटिव्ह, सुदैवाने रिफॅम्पिसिनला दाद देणारा जंतू.

जुलैची मूळ फिल्म सेंटरकडून मागवून छातीच्या दोन डॉक्टरांना वेगवेगळी दाखवली. दोघांनीही ती नॉर्मलच ठरवली. वाचणाऱ्याची चूक नव्हती. जुलैत तो आजारी नव्हता, फेब्रुवारीत होता, बस. लागण झाल्यावर आजार उफाळण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो, आणि वसतिगृहातला मुलगा त्या काळात शेकडो नव्या माणसांत मिसळतो. ही गोष्ट नवी नाही. ब्राझीलच्या मानुएल द आब्रेउ यांनी १९३६ मध्ये छोट्या फिल्मवर छातीचे फोटो घेण्याची स्वस्त पद्धत काढली आणि जगभर गाड्या फिरवून लोकांचे सरसकट एक्स-रे निघाले. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या कोलिन जिल्ह्यात दिसलं की जंतू पसरवणारे बहुतेक रुग्ण दोन फेऱ्यांच्या मधेच तयार होतात आणि खोकला घेऊन आपणहून दवाखान्यात येतात. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशा सरसकट मोहिमा बंद करायला सांगितलं. त्यानंतर डिजिटल फिल्म आली, यंत्र हातात मावायला लागलं, सीबीनॅट आली, म्हणून एक्स-रे पुन्हा मानाने परतलाय, आणि तो परतायला हवाच होता. पण वर्षातून एकदा काढलेली फिल्म मधले महिने राखत नाही, हे कोलिनचं निरीक्षण यंत्र बदलल्याने बदललेलं नाही.

माझ्या मते या प्रकरणातलं खरं नुकसान जतच्या मुलीचं नाही, या मुलाचं झालं. तिच्या बाबतीत निदान चार माणसं विचारत तरी होती. याच्या बाबतीत जुलैच्या कागदाने रेक्टर, डॉक्टर आणि स्वतः रुग्ण अशा तिघांची शंका एकदम बंद केली. तो कागद नसता तर जानेवारीतच कुणीतरी म्हणालं असतं, जा, एक फोटो काढून ये.

पुढे जे झालं ते मात्र एक्स-रेच्या बाजूने बोलतं. जिल्हा क्षयरोग केंद्राची माणसं आली, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली, औषधं मोफत सुरू झाली. मग खोलीतले तिघे, मेसमध्ये रोज एका टेबलावर बसणारे आणि गावाकडची घरची माणसं, अशा मोजक्या लोकांना प्रश्न विचारून फिल्मा काढल्या. खोलीतल्या एकाच्या फिल्मवर डाग होता. त्याला किरकोळ खोकला होता, तो सिगारेटचा म्हणून सोडून देत होता. ट्रूनॅट, सीबीनॅटसारखीच तपासणी, पॉझिटिव्ह. उरलेल्या जवळच्या मुलांना, आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध दिलं. जुलैत एवढ्या फिल्मा निघाल्या आणि एकही रुग्ण हाती लागला नाही. फेब्रुवारीत मूठभर फिल्मांत लागला. फरक यंत्रात नव्हता, फिल्म कुणाची काढायची हे आता माहीत होतं.

रेक्टर सरांना मुलगा वसतिगृहातून काढायचा होता. त्यांची भीती मला समजते. याच परिसरात वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं, तिकडे साताऱ्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर १९१२ पासून. रुग्णाला दूर डोंगरावर, मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब ठेवायचं, ही कल्पना दोन-तीन पिढ्यांच्या मनात बसलेली आहे. पण ती कल्पना मद्रासमध्येच मोडीत निघाली. तिथल्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५६ पासून रुग्णांचे दोन गट केले, एक घरी आणि एक सॅनेटोरियममध्ये, औषधं तीच. घरी, दाटीवाटीत, कमी खाण्यावर राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोका झाल्याचं दिसलं नाही. जो काही प्रसार व्हायचा तो बहुतांशी निदानाआधी होऊन गेलेला असतो. हे मी सरांना सांगितलं, ते म्हणाले, “मद्रासच्या पालकांचे फोन मला येत नव्हते.” शेवटी मुलगा सुरुवातीचे काही आठवडे घरी राहिला, तेही त्याच्या आईच्या आग्रहाने, आणि परीक्षेला परत आला. खोली स्वतंत्र दिली, खिडक्या उघड्या.

समितीने काय ठरवलं

एक्स-रे ही प्रवेशाची अट राहिली नाही. अर्जाबरोबर आता एक पान असतं: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त, घरात गेल्या दोन वर्षांत कुणाला टीबी, मधुमेह, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार. हे पान लिपिकाकडे जात नाही, पाकिटात बंद करून महाविद्यालयाच्या डॉक्टरांकडे जातं. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर फिल्म आणि बेडका, सरकारी दवाखान्यात, मोफत. त्याचा प्रवेशाशी किंवा खाटेशी संबंध नाही, असं त्याच पानावर छापलंय. पहिल्या मसुद्यात ही ओळ नव्हती. ती नसताना कुठलं मूल खरं लिहील?

खोकल्याचा प्रश्न दर सत्रात वसतिगृहात पुन्हा विचारायचा, हे मंजूर व्हायला वेळ लागला. रेक्टरांचं म्हणणं, आम्ही काय डॉक्टर आहोत का. मेसच्या मावशींनी हा घोळ सोडवला: कोण रात्रभर खोकतंय आणि कुणाची भाकरी ताटात राहतेय, ते आम्हाला माहीत असतंच, सांगायचं कुणाला तेवढं सांगा. त्यांना डॉक्टरांचा नंबर दिला.

नर्सिंगच्या मुलींचा एक्स-रे मात्र आम्ही ठेवला. वॉर्डात त्या रुग्णांच्या तोंडाशी काम करणार, त्यांचा धोका वेगळा. आणि त्यांच्या बाबतीत पहिल्या फिल्मला आणखी एक किंमत आहे: पुढे कधी छातीत काही दिसलं तर ‘जुनी फिल्म आहे का’ हा पहिला प्रश्न असतो. जतच्या मुलीकडे आधीची एखादी फिल्म असती, तर तो ठिपका जुना आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून आता रिपोर्टच्या कागदाबरोबर मूळ डिजिटल फिल्म विद्यार्थिनीच्या हातात द्यायची, असं सेंटरशी ठरलंय. केस वर बांधून काढायची, हेही.

जपानवाल्या विश्वस्तांनी या ठरावावर सही केली, पण विरोध नोंदवून. त्यांचा सवाल बिनतोड आहे: प्रश्नांना ‘नाही’ लिहिणारा, खोकला नसलेला, पण आजारी असलेला मुलगा या पानातून कसा सापडणार? नाही सापडणार. तसा मुलगा जुलैच्या एक्स-रेत सापडला, तरी त्याच्याबरोबर हजारातल्या चाळीस निरोगी जणांना सीबीनॅटच्या रांगेत उभं करूनच. संस्था त्या चाळिसांची सोय करायला तयार असेल तर वसतिगृहातल्या मुलांपुरता मी त्यांच्या बाजूने मत देईन, असं मी इतिवृत्तात लिहून दिलंय. अंदाजपत्रक पुढच्या बैठकीत येणार आहे.